घेरलेल्या शत्रूवर किती सवलत?

प्रश्न : आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती खेळतो. शत्रूला दोघांनी समोरासमोरून घेरलं की 'अ‍ॅडव्हान्टेज' देतो. आता प्रत्येक हातघाई एकसारखीच वाटते. काय बदलावं?

उत्तर : २०१४च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये हा नियम ऐच्छिकच आहे. 'अ‍ॅडव्हान्टेज' म्हणजे दोन वीसपैलू फाशांतला मोठा आकडा घेणं, आणि ही फार मोठी सवलत आहे. वार लागायला किमान ११ हवे असतील, तर यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून थेट ७५वर जाते. ती मिळवायला कष्टही नाहीत, कारण शत्रूच्या पल्ल्यात राहून त्याच्याभोवती फिरलं तर त्याला जादा वार मिळत नाही. खरा अन्याय होतो तो बार्बेरियन वर्गाच्या पात्रावर. 'रेकलेस अटॅक' करताना तो स्वतःवरचे वार सोपे करून हीच सवलत विकत घेतो. शेजारच्याला ती फुकट मिळत असेल, तर त्यानं जोखीम का घ्यावी? दोन अ‍ॅडव्हान्टेजची बेरीजही होत नाही.

माझा आग्रह आहे, वाराच्या फाशावर फक्त +२ द्या. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत तेवढंच होतं. शत्रूंनाही तोच नियम लावा, आणि बदल लढाई सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगा.