वाळूची घरगुती गाळणी

भुकेल्यास अन्न देणें पुण्याचें खरें. परंतु दूषित पाण्यानें हगवण लागल्यास तें अन्न अंगीं लागत नाहीं. शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेंतील. १९७२ च्या दुष्काळांत सरकारी कामांनीं भाकर दिली. शुद्ध पाणी मात्र घरोघरींच सिद्ध करावें लागतें.

टांकीच्या तळाशीं खडी, तिजवर धुतलेली बारीक वाळू भरावी. तळांतून निघणाऱ्या नळीचें तोंड वाळूहून दोन इंच उंच ठेवावें, म्हणजे वाळू सदैव पाण्याखालीं राहते. दोन-तीन आठवड्यांत तिजवर सूक्ष्म जीवांचा थर जमतो. तो बहुतेक रोगजंतूंचा नाश करितो. थर वाळला कीं गुण गेला. सरपण लागत नाहीं. तान्ह्यांस मात्र पाणी उकळूनच द्यावें.

धान्यासमवेत एका टांकीचाही भार दात्यांनीं उचलावा, ही आमची नम्र विनंति.