आयईएलटीएसचं लेखन: पैसे नेमके कुठे घालावेत?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी 2025 मध्ये भारतात सुमारे 18 हजार रुपये होती आणि गेली काही वर्षं ती वाढतेच आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे या परीक्षेचे चार भाग. ही फी दुसऱ्यांदा भरायची वेळ अनेकांवर आणतं ते लिहिणं. जगभरच्या उमेदवारांची सरासरी पाहिली तरी चारांत सर्वांत कमी गुण लेखनातच पडतात. बाकी तिन्हीत साडेसात आणि लेखनात सहा मिळाले तर एकूण बँड सात होतो. घरात पेढेही वाटले जातात. पण विद्यापीठानं ‘कोणत्याही भागात साडेसहाच्या खाली नको’ अशी अट घातलेली असली, की अर्ज तिथेच अडतो.

म्हणून तयारीच्या खर्चाचा हिशेब लेखनापासून मांडायला हवा. माझं म्हणणं थोडक्यात असं: शिकवणीवर कमी आणि तपासून घेण्यावर जास्त पैसे घाला.

एक रुपयाही न देता करायचं काम

आधी आपल्याला नेमके किती गुण हवेत ते शोधा, आणि तेही एजंटाच्या तोंडून नव्हे, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून. ब्रिटनमध्ये नोकरीला जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांचं उदाहरण घ्या. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत सात लागतात. लेखनात मात्र डिसेंबर 2018 पासून साडेसहा पुरतात. तरीही ‘चारही भागांत सात हवेतच’ असं सांगून महिना-महिना जास्तीचा क्लास माथी मारणारे आहेत. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतर योजनेसाठी उलटा प्रकार. तिथे भाषेच्या गुणांवर क्रमवारी वर-खाली होते. लेखनात सहा मिळाले तर तुम्ही कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर सीएलबी 7 या पातळीवर असता, आणि सीएलबी 9 साठी सात लागतात. नुसतं पात्र होणं आणि निवड होणं यांतला फरक बऱ्याचदा या एका बँडाचा असतो, त्यामुळे तिथे जास्त तयारीवर केलेला खर्च वाया जात नाही.

दुसरं, परीक्षा कोणती ते बघा. शिक्षणासाठी सहसा अकॅडेमिक, स्थलांतरासाठी सहसा जनरल ट्रेनिंग. दोन्हींतला निबंध एकाच धाटणीचा असतो, पण पहिला प्रश्न वेगळा. अकॅडेमिकला आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचं वर्णन, जनरलला पत्र. घाईत चुकीचं पुस्तक विकत घेणारे कमी नाहीत. ब्रिटनच्या व्हिसासाठीची ‘यूकेव्हीआय’ नावाची आवृत्ती वेगळी नोंदवावी लागते आणि तिची फी जास्त असते. प्रश्नपत्रिका मात्र त्याच स्वरूपाची. विद्यापीठाला साधी परीक्षा चालत असेल तर ते जादा पैसे भरायचं कारण नाही.

तिसरं काम सर्वांत मोलाचं. परीक्षक गुण कसे देतात याचा तक्ता, म्हणजे बँड डिस्क्रिप्टर, परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी फुकट जाहीर केलेला आहे. मे 2023 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तो छापून भिंतीवर लावा. त्यात चार निकष आहेत: प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे आणि व्याकरण कसं आहे. चारांचं वजन सारखं. आपल्याकडे तयारी म्हणजे शब्द पाठ करणं असा समज आहे, पण शब्दसंपत्तीला गुणांचा चौथाच हिस्सा मिळतो. हा तक्ता वाचलेल्या माणसाला ‘पाचशे भारी शब्द’ असली पुस्तिका कुणी विकू शकत नाही.

सरावाचं साहित्यही फुकटात भरपूर आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या परीक्षेशी संबंधित दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर नमुना प्रश्नपत्रिका आहेत, आणि आयईएलटीएस लिझसारख्या संकेतस्थळांवर निबंधांचे प्रकार नीट समजावलेले आहेत. विकत घ्यायचंच तर केंब्रिजच्या मूळ प्रश्नपत्रिकांचा एखादा अलीकडचा खंड घ्या. एका खंडात चार पूर्ण प्रश्नपत्रिका असतात आणि मागे लेखनाची नमुना उत्तरं. त्यातली उमेदवारांनी लिहिलेली, परीक्षकाच्या शेऱ्यांसह दिलेली उत्तरं बारकाईनं वाचा; सहा कुठे संपतो आणि सात कुठे सुरू होतो ते तिथे दिसतं. पुस्तकासाठी हजार रुपये बाजूला ठेवले तर सहसा पुरतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रतही मिळून जाते. फक्त आधीच्या मालकानं उत्तरं पेन्सिलीनं भरलेली नाहीत ना, ते पाहून घ्या.

तपासणी: इथे हात आखडू नका

वाचणं आणि ऐकणं घरबसल्या तपासता येतं, कारण उत्तरं मागे छापलेली असतात. लेखनाचं तसं नाही. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच वाटतं. वीस निबंध लिहून एकही कुणाला दाखवला नाही, तर त्याच चुका वीस वेळा घोटल्या जातात.

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ कुठे लावायचं याचा अंदाज येत नाही, कारण मराठीत ही उपपदंच नाहीत. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येतं, ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन होतं, ‘आय ॲम हॅविंग’ सर्रास असतं. याहून महागात पडते ती शाळेतल्या निबंधाची सवय: सुरुवातीला विज्ञानयुगाचं वर्णन, मध्ये एखादा सुविचार, शेवटी उपदेश. परीक्षकाला हवं असतं तुमचं स्पष्ट मत, त्यामागची दोन-तीन कारणं आणि प्रत्येक कारणाचा नीट विस्तार. आलेखाच्या प्रश्नात तर मुलं एकेक आकडा ओळीनं लिहून काढतात, आणि चित्र एकूण काय सांगतंय हे दोन वाक्यांत मांडायचं राहून जातं. तो सारांश नसेल तर पहिल्या निकषात गुण पाचापाशीच थांबतात, इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी.

अशा चुका दाखवून देणारा माणूस मिळणं म्हणजे तयारी. ऑनलाइन तपासणीचे दर भारतीय शिक्षकांकडे साधारण एका निबंधाला दोनशे ते पाचशे रुपये. परदेशी संकेतस्थळांवर त्याच्या कितीतरी पट. महाग म्हणून चांगली असं मुळीच समजू नका. आधी एकच निबंध पाठवून बघा. चार निकषांचे गुण वेगवेगळे दिलेत का? प्रत्येक परिच्छेदाजवळ शेरा आहे का? तोच निबंध सुधारून पुन्हा लिहिला तर दुसऱ्यांदा बघणार का, आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का? ‘गुड, कीप इट अप, 6.5’ एवढंच लिहून आलं, तर उरलेले पैसे वाचवा.

आठवड्याला दोन याप्रमाणे सहा आठवड्यांत बारा निबंध तपासून घ्यायचे. तीनशेच्या दरानं 3,600 रुपये होतात. यातला निम्मा खर्चही टाळता येतो. गावातल्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक असतील तर त्यांना बँड डिस्क्रिप्टर नेऊन दाखवा आणि व्याकरण व मांडणी तपासायची विनंती करा. लातूरला काय किंवा चिपळूणला काय, मनापासून मदत करणारी अशी माणसं आहेत. फक्त त्यांच्याकडे कुणी जात नाही. चॅटजीपीटीसारखी साधनंही वापरा, पण चुका दाखवण्यापुरती. निबंध नव्यानं लिहून मागितला तर वाचायला सुंदर मजकूर मिळतो आणि आपला हात होता तिथेच राहतो. त्यांनी दिलेल्या बँडवर विसंबून परीक्षेची तारीख तर मुळीच ठरवू नका.

क्लास लावायचा का?

मोठ्या शहरांत महिना-दीड महिन्याच्या क्लासची फी साधारण आठ ते वीस हजारांच्या दरम्यान असते, आणि नोंदणीकृत क्लास असेल तर वर 18 टक्के जीएसटी. पंधरा हजारांचा क्लास म्हणजे प्रत्यक्षात 17,700. फी विचाराल तेव्हा करासहितचा आकडा विचारा आणि पावती घ्या.

इंग्रजी लिहायची सवय पार मोडलेली असेल, घरी बसून अभ्यास होत नसेल, तर क्लास जरूर लावा. पण भरती होण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझे किती निबंध, कोण, किती दिवसांत तपासून देणार? तीस-चाळीस जणांच्या तुकडीत एका शिक्षकाकडून प्रत्येकाचा निबंध दर आठवड्याला तपासून होणं अवघड आहे, आणि चांगले क्लास ते कबूल करून तुकडी लहान ठेवतात. ‘सात बँडची हमी’ ही पाटी दिसली तर दोन पावलं मागे या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि यशाच्या खोट्या हमीला त्यांत मनाई आहे. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आणखी एक सापळा म्हणजे पाठ करून घेतलेले निबंध. काही क्लास ‘टेम्प्लेट’ देतात आणि मुलांना हायसं वाटतं. परीक्षकांना असा मजकूर ओळखायचं प्रशिक्षण असतं, आणि उत्तर पूर्णपणे पाठांतराचं असल्याचं सिद्ध झालं तर शून्य बँड देण्याची तरतूद त्याच जाहीर तक्त्यात आहे.

आता बेरीज

स्वतः अभ्यास करणाऱ्याचा हिशेब: 2025 ची परीक्षा फी 18 हजार, पुस्तक हजार, बारा निबंधांची तपासणी 3,600. झाले 22,600. क्लास लावणाऱ्याचे 18 हजार, 17,700 आणि हजार मिळून 36,700. दोघांनाही परीक्षा दुसऱ्यांदा द्यावी लागली तर प्रत्येकी आणखी 18 हजार. केंद्र मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी असल्यामुळे बाहेरगावच्यांनी प्रवास आणि एका रात्रीचा मुक्काम धरावा; बोलण्याची परीक्षा वेगळ्या दिवशी आली तर दोन रात्रींचा. त्यामुळे वेळापत्रक पाहूनच तारीख निवडा.

फी भरण्याआधी घड्याळ लावून एक तासाचा पेपर लिहा: पहिल्या प्रश्नाला किमान 150 शब्द आणि वीस मिनिटं, निबंधाला किमान 250 शब्द आणि चाळीस मिनिटं. निबंधाचं वजन दुप्पट आहे. परीक्षा संगणकावर देणार असाल तर सरावही टंकून करा; तिथे शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंगची चूक कुणी दाखवत नाही. असे लागोपाठ तीन पेपर त्रयस्थ माणसाकडून तपासून हव्या त्या बँडला पोचले, की मगच तारीख घ्या. गुणपत्रिका दोनच वर्षं ग्राह्य असते, त्यामुळे फार आधी परीक्षा देऊन ठेवण्यातही फायदा नाही.

अर्धा बँड कमी पडला तर

लगेच पूर्ण परीक्षा पुन्हा नोंदवू नका. दोन स्वस्त वाटा आहेत. एक, फेरतपासणी. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो, आणि गुण वाढले तर भरलेले पैसे परत मिळतात. लेखन माणूस तपासतो, त्यामुळे इतर तिन्ही भाग उत्तम आणि लेखनच अनपेक्षितपणे खाली, अशा वेळी ही वाट घेण्यासारखी आहे. सरावातही तेवढेच गुण पडत असतील तर मात्र पैसे वाया जातील.

दुसरी वाट ‘वन स्किल रिटेक’ची. मूळ परीक्षा संगणकावर दिलेली असेल तर साठ दिवसांच्या आत फक्त लेखनाची परीक्षा पुन्हा देता येते. फी पूर्ण परीक्षेपेक्षा कमी असते आणि नव्या गुणपत्रिकेत बाकीचे तीन गुण तसेच राहतात. पण ही गुणपत्रिका सगळीकडे चालत नाही. पैसे भरण्याआधी आपल्या विद्यापीठाला किंवा संस्थेला ईमेल करा, ‘चालेल’ असं लेखी उत्तर मागवा आणि ते जपून ठेवा.