औषधाची सवय नेमकी कोणाला लागते?

दर वर्षी जून महिन्यात वसतिगृहात नवी मुले दाखल होतात, तेव्हा त्यांच्या पेट्यांत कपडे, वह्या आणि चिवड्याच्या डब्याबरोबर एक लहानशी पुडी बहुधा सापडतेच. गेल्या तापात उरलेल्या चार-दोन गोळ्या आईने मायेने बांधून दिलेल्या असतात. त्यांत अनेकदा एखादे प्रतिजैविक असते. ती पुडी आम्ही काढून घेतो आणि काही पालकांना त्याचे वाईट वाटते. आमची बाजू त्यांच्यापुढे मांडावी, म्हणून हे टिपण.

“फार गोळ्या घेऊ नका, अंगाला सवय लागेल,” असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगतात. सल्ला योग्य आहे. कारण मात्र चुकीचे आहे. येथे सवय अंगाला लागत नाही. रोगास कारण होणाऱ्या असंख्य जीवाणूंपैकी काही थोडे मुळातच चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे बचावतात आणि मोकळ्या झालेल्या जागी त्यांचीच संतती वाढते. एवढेच नव्हे, तर चिवटपणा देणारी जनुके एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. अंगाची सवय ही ज्याची त्याची खाजगी बाब ठरली असती. जीवाणूंचा प्रतिरोध तसा राहत नाही; खोकल्यातून, हातांतून, पाण्याच्या सामाईक पेल्यातून तो शेजारच्या खाटेवर जातो. ज्या मुलाने कधी गोळी घेतली नाही, त्यालाही त्याची झळ पोहोचते.

क्षयरोगाच्या इतिहासात याचा कठोर पुरावा आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले आणि क्षयावर प्रथमच परिणामकारक औषध मिळाले. ब्रिटनमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी झाली व १९४८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. आनंद होणे साहजिक होते. परंतु पाच वर्षांनंतरची गणती पाहा : पहिल्या गटातील ३२ आणि दुसऱ्यातील ३५ रुग्ण मरण पावले होते. औषध घेतलेल्या बहुतेकांच्या शरीरातील क्षयजंतू दरम्यान स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. रुग्ण तेच, औषध तेच. बदलले होते ते जंतू. एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्याने मारावा, या विचाराने पुढे दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. आजही क्षयाचा उपचार तसाच महिनोन्‌महिने चालतो. तो मध्येच सोडणारे रुग्ण आमच्या परिचयात आहेत. बरे वाटू लागले की गोळ्या नकोशा होतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्याची खेप म्हणजे बुडालेली मजुरी असते. त्यांना केवळ निष्काळजी म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात; त्यांवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नाही. तरीही डॉक्टरांनी नुसती विश्रांती सांगितली की दुसरा डॉक्टर गाठणारे आपल्यात कमी नाहीत. (शिक्षकही त्याला अपवाद नाहीत, हे प्रांजळपणे नमूद करतो.) गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असेल, तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नसते. शासनाने २०१६ पासून या रेषेचा प्रचार केला. पण मेडिकल दुकानात “तीच मागची गोळी द्या,” असे म्हणताना ती रेषा कोण पाहतो? डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर पाच दिवस; दोन दिवसांत थांबू नये आणि आपल्या मनाने दहा दिवसही करू नयेत. सांगितल्याप्रमाणे घेतल्यास पुडीत बांधायला सहसा गोळ्या उरतच नाहीत.

येत्या जूनमध्येही पेट्या तपासल्या जातील आणि सापडलेल्या गोळ्या त्याच दिवशी पालकांच्या हाती परत दिल्या जातील. त्याऐवजी मुलाला कोणत्या औषधाचे वावडे आहे ते लिहून द्यावे आणि डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. ताप आलेल्या मुलाला तपासताना डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.