टाकी कुणाची, ते आधी बघ

चि. मधुरा,


व्हरमाँटचं घर पक्कं झाल्याचं ताईनं कळवलं. तू पाठवलेल्या फोटोत परसातली ती पांढरी आडवी टाकी दिसली, आणि स्वयंपाकघराच्या कौतुकाआधी तिच्याबद्दलच लिहायला बसलो. न्यू जर्सीत गॅस रस्त्याखालच्या नळानं यायचा. बिल भरलं की विषय संपला. आता स्वयंपाक, आंघोळीचं पाणी आणि सगळ्यात खर्चिक म्हणजे घराची ऊब, सगळं त्या टाकीतल्या प्रोपेनवर.

‘सिलिंडर काय, आईकडे बदलत होतेच की,’ असं म्हणशील. पण भारतातल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेनही भरपूर असतं, आणि ते शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सियसलाही उकळतं, म्हणून जानेवारीत बर्फातल्या टाकीतूनही गॅस येतो. शिवाय आकार बघ. टाकी 500 गॅलनची धरली, तरी ती 80 टक्केच भरतात. उन्हानं द्रव फुगतो, त्याला जागा लागते. राहिले 400 गॅलन. आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरच्या हिशेबात ते पन्नासाच्या वर जातात.

आता मुद्द्याचं. ती टाकी तुमची आहे की गॅस कंपनीची? घर विकत घेतलं म्हणजे टाकीही आली असं समजू नकोस. बहुतेक वेळा ती भाड्याची असते, आणि भाड्याच्या टाकीत तिची मालक असलेली कंपनीच गॅस भरू शकते. शेजारची कंपनी गॅलनमागे डॉलरभर स्वस्त देत असली तरी उपयोग शून्य. कंपनी बदलायची तर जुनी टाकी उचलायला लावून नवी बसवायची, आणि उचलण्याचे पैसे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असू शकतात. तेव्हा सह्या करण्याआधी तो करार मागव. टाकीचं भाडं, वर्षाला किमान गॅस घ्यायची अट आहे का, भाव कसा ठरतो, हे विचार. उन्हाळ्यातच हिवाळ्याचा भाव बांधून घेता येतो. पैसे जवळ असतील तर त्या योजनेचा विचार जरूर कर, पण भाव उतरला तर काय, हेही लिहून घे.

जवळपासची मंडळी घर तापवायला तेलाची भट्टी चालवतात. त्यांच्या आणि तुमच्या दराची गॅलनला गॅलन तुलना करशील तर फसशील. एक गॅलन प्रोपेन साधारण 91,500 बीटीयू उष्णता देतं. तेलाचा गॅलन त्याच्या दीडपट. प्रोपेन गॅलनला स्वस्त दिसतं ते यामुळे. माझं मत विचारशील तर नुसती ऊब हवी असेल तर प्रोपेन महागच पडतं. पण शेगडीवर पोळी फुगवायची सोय तेल देत नाही, हेही तितकंच खरं.

टाकीच्या झाकणाखाली टक्के दाखवणारा काटा आहे. 30 वर आला की गॅस मागव. ‘आपोआप भरून जातो’ असं कंपनी सांगेल, तरी काटा तू बघत जा. पहिल्या वर्षी तुमचा खपाचा अंदाज त्यांनाही नसतो. टाकी पूर्ण रिकामी झाली तर नुसतं भरून भागत नाही, सगळ्या जोडण्यांची गळती तपासूनच गॅस पुन्हा चालू करतात, आणि त्याचे पैसे वेगळे. टाकीपर्यंतची वाट बर्फातून मोकळी ठेव, नाहीतर गाडी तशीच परत जाते. रेग्युलेटरवर आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या धुराच्या नळांवर बर्फ साचू देऊ नकोस.

वासाचं तुला ठाऊक आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड, तळघरात उतरून साचतं. वास आला तर दिवा लावायचा नाही, विझवायचाही नाही, घरात फोन हातात घ्यायचा नाही. सगळे बाहेर, वाटेत धोका नसेल तर टाकीची झडप बंद, आणि लांब जाऊन 911. पण नाकावर सगळा भार टाकू नकोस. सर्दीत वास कळत नाही, आणि टाकीच्या गंजानंही तो मंदावतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. वीज गेली, फर्नेस थांबली, म्हणून ओव्हन उघडा ठेवून घर तापवणारे लोक आहेत. तू तसं करू नकोस. अंगणातली बार्बेक्यूची शेगडी कितीही पाऊस असला तरी घरात किंवा गॅरेजात आणायची नाही.

प्रोपेनचा डिटेक्टर तळघरात जमिनीजवळ लाव, कार्बन मोनॉक्साइडचे झोपायच्या खोल्यांबाहेर. किल्ली हातात पडेल त्या दिवशी, खोकी उघडण्याच्या आधी, त्यांची बटणं दाबून बघ आणि मला कळव.

तुझा,
मामा