मातीत राहणारा बेडूक

बेडूक म्हटला की आपल्याला विहीर नाहीतर तळे आठवते. पण आपल्या आष्टी तालुक्यात तळ्याला पाणी किती दिवस असते? उन्हाळ्यात ओढे आटतात, गावात टँकर येतो. मग बेडूक जातात कुठे? आणि पहिला पाऊस पडला की एका रात्रीत येतात कुठून? त्याची माहिती मी लिहीत आहे.

मागल्या वर्षी मृग कोरडा गेला. आमचे आबा बांधाला खांब रोवायला खड्डा घेत होते. हातभर खोल मातीतून एक गोल ढेकूळ निघाले. बघतो तर ढेकूळ हलले! तो बेडूक होता. आबा म्हणाले, "राहू दे रे. पाऊस आला की तो आपला आपण वर येतोय." पण आम्हा पोरांना धोंडी काढायची होती. आबा घरी गेल्यावर मी तो बेडूक उचलला. आम्ही काठीला लिंबाचा पाला बांधला, त्यात बेडूक बांधला आणि घरोघर फिरलो. टँकरचे पाणी मोजकेच, म्हणून बायांनी चूळभरच पाणी शिंपडले. ऊन फार होते. मारुतीच्या देवळापाशी येईपर्यंत बेडूक मेला. पाऊस काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे खरे सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "आता त्याला नीट बघा तरी." पट्टीने मोजला तर बेडूक पाच सेंटिमीटर भरला. त्याचे अंग गोल, तोंड आखूड आणि डोळे मोठे असतात. मागच्या दोन्ही पायांच्या तळव्याला एक-एक कडक गाठ असते. ती फावड्यासारखी असते. ह्या गाठीने तो माती उकरतो आणि उलटा, म्हणजे पाठीकडून, खाली जातो. बेडूक कातडीतून पाणी शोषतो आणि कातडीतून श्वासही घेतो. कातडी वाळली तर तो मरतो. म्हणून उन्हाळ्यात तो ओलसर मातीत गप बसून राहतो. मी त्याला उन्हात नेले, म्हणून तो मेला.

पाऊस पडला की हे बेडूक वर येतात. डबक्यात नर ओरडतात, मादी अंडी घालते. अंड्यातून शेपटीवाली पिल्ले निघतात. डबके आटायच्या आत त्यांना पाय फुटावे लागतात, नाहीतर ती मरतात. मोठे बेडूक मुंग्या, वाळवी आणि किडे खातात. म्हणून ते शेतकऱ्याचे मित्र आहेत.

आपल्याकडच्या अशा एका जातीला २०१७ साली शास्त्रज्ञांनी 'स्फीरोथेका पश्चिमा' हे नाव दिले. ती पश्चिम भारतात सापडते, म्हणून पश्चिमा. अमेरिकेच्या वाळवंटातही फावड्यासारख्या पायांचे भेक असतात. ते वर्षातले आठ-दहा महिने जमिनीतच काढतात. त्यांच्या पिल्लांना कधीकधी आठ-दहा दिवसांतच पाय फुटतात. ते आपल्या बेडकाचे जवळचे नातेवाईक नाहीत, पण दोघांनाही कोरड्या मुलखात राहायचे असते, म्हणून दोघांचे पाय सारखे झाले.

पूर्वी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशात खायला पाठवत. १९८७ साली सरकारने ते बंद केले.

पुढे आर्द्रात पाऊस आला. रात्री मी आबांबरोबर कंदील घेऊन बांधावर गेलो. एक बेडूक उजेडाला भिऊन मागचे पाय हलवायला लागला. बघता बघता तो मातीत बुडाला, नुसते डोळे वर राहिले. मग तेही गेले. आबा म्हणाले, "बघितलंस ना? चल आता."

मुलांनो, नांगरताना किंवा खणताना असा बेडूक निघाला तर त्याला सावलीत ओल्या मातीवर ठेवा. धोंडी काढायचीच असेल तर पोळ्याला बैल करतो तसा मातीचा बेडूक करा. मी यंदा केला आहे. तो वर्गातल्या खिडकीत वाळत ठेवला आहे, कोणी हात लावू नये.

— इयत्ता ४ थी