लग्न झालं म्हणजे नागरिकत्व मिळालं का?



चौथीच्या वर्गात ‘माझे कुटुंब’ शिकवताना एका मुलाने विचारलं, “मॅडम, माझी मामी परदेशातली आहे. ती आता भारतीय झाली ना?” वर्ग एका सुरात म्हणाला, “हो!” मुलांचंही बरोबरच आहे. आपल्या सिरोंचाकडे प्राणहितेपलीकडून, तेलंगणातून सुना येतात. राज्य बदलतं, देश नाही. त्यामुळे कागद लागत नाहीत. देश बदलला की मात्र गोष्ट वेगळी असते. चला, क्रमाने समजून घेऊ.

१) विवाह नोंदणी : विशेष विवाह कायदा, 1954 नुसार लग्न करायचं तर आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. विवाह प्रमाणपत्र जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीला तेच लागतं.

२) व्हिसा : लग्नानंतरही जोडीदार परदेशी नागरिकच असतो. व्हिसाची मुदत संपण्याआधी ती वाढवून घ्यावी लागते. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते.

३) ओसीआय कार्ड : नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली की अर्ज करता येतो. पाकिस्तान किंवा बांगलादेशच्या नागरिकांना मात्र हे कार्ड मिळत नाही. कार्ड असलं की व्हिसाशिवाय कायम राहता येतं. पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं.

४) नागरिकत्व : नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 5 नुसार, भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला सात वर्षं भारतात राहिल्यावर अर्ज करता येतो. मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी आई-वडिलांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसावा. व्हिसा संपूनही राहणारी व्यक्ती कायद्याने अवैध ठरते. म्हणजे आईच्या व्हिसाची चुकलेली तारीख बाळाच्या नागरिकत्वापर्यंत पोहोचते!

म्हणून पालकहो, अशी सून किंवा जावई घरात असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, “मामी तुमच्या घरची लग्नाच्या दिवशीच झाली. देशाची व्हायला तिला थोडा वेळ लागेल.”