जिभेखालची गोळी आणि सूक्ष्म नळीतील रसायन

हृदयशूलाने कासावीस झालेल्या रुग्णाच्या जिभेखाली आपण नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवतो आणि काही मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावरील ताण ओसरताना पाहतो. ज्या द्रवापासून ही गोळी बनते, तो सिद्ध करणाऱ्या कामगाराच्या जिवाचा विचार मात्र आपल्या मनात क्वचितच येतो.

१८४७ मध्ये इटलीतील अस्कानिओ सोब्रेरो यांनी हा द्रव प्रथम तयार केला. १८६४ मध्ये स्टॉकहोम येथे आल्फ्रेड नोबेल यांच्या कार्यशाळेत त्याचा स्फोट होऊन त्यांचा धाकटा भाऊ एमिल मृत्युमुखी पडला. १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी ‘लॅन्सेट’मधून हृदयशूलावरील त्याची उपयुक्तता मांडली. पुढे आयुष्याच्या अखेरीस खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी हेच औषध सुचविले.

ग्लिसरीनवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया होताना पुष्कळ उष्णता निर्माण होते. मोठ्या पात्रात ती बाहेर पडण्यास पृष्ठभाग अपुरा ठरतो. तापमान वाढले की क्रियेचा वेग वाढतो, वेगाबरोबर उष्णता वाढते आणि हे चक्र आवरले नाही तर स्फोट होतो.

मायक्रोरिॲक्टर हा यावरील एक उपाय होय. यात दोन द्रव सूक्ष्म नळ्यांतून अखंड वाहत येऊन एकत्र मिसळतात. एक मीटर व्यासाच्या पात्रात दर घनमीटर द्रवामागे बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर असते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या नळीत तेच ८,००० चौरस मीटर भरते. साहजिकच उष्णता तत्काळ निघून जाते. नळीत १० मिलिलिटर द्रव मावत असेल आणि प्रवाह मिनिटाला ५ मिलिलिटर असेल, तर द्रव आत सरासरी दोनच मिनिटे राहतो. कोणत्याही क्षणी धोक्यात असतो तो एवढाच साठा. चीनमधील शिआन येथे जर्मनीतील माइन्झच्या सूक्ष्मतंत्र संस्थेच्या साहाय्याने औषधी नायट्रोग्लिसरीन याच पद्धतीने तयार करण्यात आले.

आपल्या शरीराची रचनाही अशीच नव्हे काय? अधिक ऊतींना रक्त पुरवायचे म्हणून शरीर केशवाहिनी रुंद करीत बसत नाही. तिच्यासारख्या असंख्य वाहिन्या उभारते. येथेही उत्पादन वाढवायचे तर नळ्यांची संख्या वाढवितात. अर्थात ही पद्धत सर्वत्र चालत नाही. घन कण तयार झाल्यास नळी तुंबते, आणि अतिमंद क्रियांना ती परवडत नाही.

माळव्यात राहणाऱ्या आपणांस साठ्याची किंमत वेगळी सांगावयास नको. १९८४ मध्ये भोपाळच्या ज्या टाकीतून विषारी वायू सुटला, तीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठविलेले होते. घातक पदार्थ हवा तेव्हा, हवा तेवढाच घडवून लगेच पुढील क्रियेत खर्ची घालावा, हा या सूक्ष्म नळीचा खरा धडा आहे. पहारा कितीही कडक असला तरी चूक होऊ शकते. जे साठविलेच नाही, ते मात्र कोणाचा जीव घेत नाही. रुग्णाची वेदना शमविणारे औषध घडविणाराही संध्याकाळी सुखरूप घरी परतावा, हीदेखील आरोग्याचीच चिंता होय.